पाच घरांचा धूर

उदगीरला राहायला गेलो त्याच आठवड्यात समोरच्या बंद घराला आग लागल्याचं मी सगळ्या बोळाला ओरडून सांगितलं. पुढच्या दाराला हे मोठं कुलूप, घरात माणूस नाही, आणि माळवदातून धूर वर चाललेला. मी बादली भरून धावलो. शेजारपाजारची माणसं बाहेर आली, त्यांनी धुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली. तेवढ्यात घराच्या मागच्या अंगानं एक उंच, वाळका म्हातारा आला. गळ्यात मफलर, हातात फडक्यानं धरलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं. त्यानं माझ्या बादलीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "पाणी ऱ्हाऊ द्या. चहा हाय. साखर किती लागती तुमाला?"

ते किशनमामा. कुणाचे सख्खे मामा नव्हते, पण बोळातली सगळी माणसं त्यांना मामाच म्हणायची.

माझ्याविषयी एवढंच सांगतो की मी घोटाळ्याचा माणूस आहे. शाळेत गणित शिकवतो आणि चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण माझी बायको शोभा माझ्या नावाऐवजी वापरते. कुलूप लावलं का ते बघायला मी बसस्टँडवरून परत आलेलो आहे, आणि दारात पोचल्यावर कशाला आलो ते आठवेना म्हणून नुसता उभा राहिलेलो आहे. पुढं जे झालं ते ह्या स्वभावामुळं झालं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मामांचं काम काय, हे समजायला मला दोन महिने लागले. त्या बोळात पाच घरं बंद होती. मालक कुणी लातूरला, कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. पाचही घरं जुनी, माळवदाची, म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर हातभर माती. धूर जायला माळवदात एक भोक ठेवलेलं असतं, त्याला तिकडं साणं म्हणतात. अशा घरात माणूस राहत असला की चूल पेटते, धूर लाकडाला लागतो, आणि लाकडाला किडा लागत नाही, माती सर्द होत नाही. चूल थंड झाली की चार-पाच वर्षांत तुळई आतून पोकळ. पाचही घरांच्या किल्ल्या मामांकडे असत. आठवड्यातून एकदा, प्रत्येक घराचा वार ठरलेला, ते मागच्या दारानं आत जात आणि तासभर चूल पेटवून घराला धूर देत.

हे काम त्यांना कुणी दिलं, हा घोळ मला शेवटपर्यंत सुटला नाही. एका मालकाला वाटे, दुसऱ्यानं सांगितलं असेल. दुसऱ्याला वाटे, आपल्या वडिलांनी सांगून ठेवलंय. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "ह्यात सांगाय काय लागतंय, सर? दिसतंय की."

त्यांच्या कामाचे नियम मात्र पक्के होते. जळतण बाभळीचं, पेटवायला तुराट्या, आणि शेवटी वरून मूठभर वाळला कडुलिंबाचा पाला. पाला टाकला की धूर जड होतो आणि लाकडाला बिलगतो, असं त्यांचं म्हणणं. रॉकेल हातात धरायचे नाहीत. चूल विझली की राखेवर तळहात ठेवून बघायचे, आणि राख थंड लागेपर्यंत उंबरा ओलांडायचे नाहीत. एकदा मला घाई होती, मी म्हणालो, "मामा, विझली आता, चला." तर त्यांनी माझा हात धरून राखेत ठेवला. वरून पांढरी दिसणारी राख आत चांगली चटका देणारी होती. मी हात झटकत नाचलो. माझी बोटं दोन दिवस लाल होती.

आणि सगळ्यांत मोठा नियम, रिकामी चूल पेटवायची नाही. चुलीवर काहीतरी शिजलंच पाहिजे. सोमवारी चहा, बुधवारी खिचडी, थंडीत हुलग्याचं माडगं, कधी नुसत्या भुईमुगाच्या शेंगा उकडायच्या. मामांची बायको वारलेली, ते एकटे. एक माणूस आठवड्यात पाच घरी शिजवणार तर खाणार कोण? मग ते आमच्याकडे येई. शोभा म्हणायची, बुधवारी आपल्या घरी काय करायचं हे मामांची चूल ठरवते. एकदा त्यांच्याकडे काहीच नव्हतं, तर त्यांनी पातेलंभर पाण्यात हळद टाकून उकळली आणि उभ्यानं पिऊन टाकली. मी विचारलं, नुसतं पाणी ठेवलं तर नाही का चालत?

"नुसतं पाणी मयताच्या आंघोळीला तापवत्यात," ते म्हणाले.

मला ह्या सगळ्याचं भारी कौतुक. मी शाळेत सांगायचो, घरी सांगायचो, चुलीवरच्या खिचडीची चव काही औरच. एका बुधवारी मामांसमोर माझं हे पुराण चालू असताना शोभानं ताट खाली ठेवलं. ती म्हणाली, "तुम्ही कधी फुंकलीय का चूल? माझी आई फुंकायची. पावसाळ्यात ओलं जळतण. पन्नाशीत तिला दिसायचं बंद झालं." ती रडली नाही, पण तिचा आवाज बदलला होता.

मामा म्हणाले, "माझ्या आईचं बी तसंच झालं, बाई." एवढंच बोलून ते पातेलं घेऊन उठले. त्यानंतर माझ्या लक्षात आलं की ते चूल पेटवून स्वतः कायम उंबऱ्यावर बसतात, धुराच्या बाहेर, आणि कुणी बाई डोकवायला आली तर तिला आत येऊ देत नाहीत. धूर घरासाठी आहे, माणसासाठी नाही, असं त्यांचं काहीतरी गणित होतं. धूर चांगला की वाईट, हे मला मात्र अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच वर्षी पौषात शोभाची कंबर धरली. उदगीरची थंडी बोचरी, आणि आमच्या खोलीची फरशी बर्फ. मामा सकाळी सकाळी मातीच्या शेगडीत निखारे घेऊन आले, कोपऱ्यात ठेवले आणि दार दोन बोटं उघडं ठेवायला सांगितलं. मी हो म्हणालो. ते गेले आणि मी, थंडी आत येतेय म्हणून, दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी मामा परत हजर. दार ढकलून त्यांनी फटीत स्वतःची चप्पल घातली आणि तसेच एका पायानं अनवाणी गेले. आठ दिवस रोज शेगडी आली आणि रोज ती चप्पल फटीत राहिली. शोभा त्यांना तेव्हापासून भाऊ मानायला लागली, आणि माझ्यावरचा तिचा उरलासुरला भरवसाही उडाला.

किल्ल्यांचं त्यांना काय मोल होतं, ते एकदाच त्यांच्या तोंडून ऐकलं. चाळीस वर्षं ह्याच घरांच्या माळवदावर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायचं काम मामांनी केलं होतं. त्याआधी त्यांच्या वडिलांनी. शिडी लावून बाहेरून वर जायचं आणि बाहेरूनच खाली यायचं. साण्यातून खाली चूल दिसायची, भाकरीचा वास वर यायचा. पाणी प्यायला मागितलं तर ते वरून ओंजळीत. छप्पन सालानंतर त्यांच्या घरात जयभीम आला, बुद्ध आला, पण ह्या बोळातल्या चुली आणखी कितीतरी वर्षं त्यांना साण्यातूनच दिसत राहिल्या. हे सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. कमरेच्या करगोट्याला बांधलेला किल्ल्यांचा जुडगा त्यांनी तळहातावर घेतला आणि म्हणाले, "पाऊस आत येऊ द्यायचा न्हाई, हे माझं काम व्हतं. मी आत यायचं न्हाई, हे त्यांचं. आता पाच घरच्या चुली माझ्या हातात हायत, सर. कुणी दिल्या त्ये मी इचारत न्हाई."

मी चहा विचारला.

गेल्या वर्षी मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला लेकीकडं गेले, पंधरा-वीस दिवस. नेमकं त्याच काळात कोपऱ्यावरच्या घराचे मालक उमाकांतराव ह्यांनी लातूरहून माणसं पाठवून स्वयंपाकघर नवं करून घेतलं. भाडेकरू ठेवायचा होता. चूल काढली, ओटा घातला, खाली पांढऱ्या फरश्या बसवल्या, भिंतींना रंग दिला आणि साणं सिमेंटनं बुजवून टाकलं. एका गुरुवारी त्यांचा मला शाळेत फोन आला. मामा फोन उचलत नाहीत, तेव्हा ते आले की सांगा, आमच्याकडे आता पेटवू नका. मी म्हणालो, सांगतो. तास संपल्याची घंटा झाली होती. वर्गाकडे जाताना मी ते वाक्य मनात दोनदा म्हणूनही पाहिलं, विसरू नये म्हणून.

शनिवारी आम्ही दोघं अर्धापूरला भाचीच्या साखरपुड्याला गेलो. मामा रविवारी संध्याकाळी परत आले आणि सोमवारी सकाळी, वार त्याच घराचा होता म्हणून, तिथं गेले. चूल जागेवर नव्हती. त्यांनी त्याच जागी, नव्या फरशीवर, तीन विटा मांडल्या आणि चहा ठेवला. धुराला वाट नव्हती. खोली कोंडली, भिंती काळ्या झाल्या, विटांखालच्या चार फरश्या तडकल्या. मामा खोकत बाहेर आले, पण राख थंड होईपर्यंत थांबले, झाडून घेतलं, कुलूप लावलं आणि गेले. आम्ही दहाच्या सुमाराला पोचलो तेव्हा बोळात सगळं शांत होतं.

पुढच्या रविवारी उमाकांतराव आले आणि त्यांनी हे पाहिलं.

ते आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते, तेच वाईट झालं. त्यांनी मामांना बोलावलं, मला बोलावलं, आणि आम्ही तिघं त्या काळवंडलेल्या खोलीत उभे राहिलो. मामा म्हणाले, "चूल न्हाई म्हणून काय झालं? माळवद तर वर हायच की. लाकडाला काय ठावं तुमी ओटा घातलाव म्हणून?"

उमाकांतराव म्हणाले, "तसं नाही मामा. पेटवू नका असा निरोप दिला होता मी सरांपाशी. सर, तुम्ही सांगितलं होतं ना मामांना?"

मी आठवायला लागलो. शपथेवर सांगतो, मी खोटं बोलायला उभा नव्हतो. मला नळ आठवला. बोळाच्या तोंडाशी नळ आहे, तिथं मी आणि मामा उभे आहोत, उमाकांतरावांच्या घराविषयी बोलणं चाललंय, चूल, साणं, असे शब्द आहेत, आणि मी मान हलवतोय. चित्र इतकं स्वच्छ होतं की माझ्यासारख्या माणसाला त्याचा आनंदच झाला. एकदा तरी मी निरोप पोचवला होता.

"सांगितलं की," मी म्हणालो. "नळापाशी बोललो आपण, मामा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर काळा चष्मा होता, त्यामुळं त्यांची नजर कळली नाही. मग ते सावकाश म्हणाले, "नळापाशी बोललो व्हतो, हे खरं. सर म्हणत्यात तर सांगितलंच असंल. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई." उमाकांतराव समजुतीनं म्हणाले, वय झालं मामा, चालायचंच. त्यांनी हात पुढं केला आणि मामांनी जुडग्यातून त्यांची किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी मामा आमच्याकडे आले आणि उरलेल्या चार किल्ल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. मी म्हणालो, अहो, ह्या कशाला, ह्या मालकांची काही तक्रार नाही. ते म्हणाले, "ज्याला सांगितल्यालं आठवत न्हाई त्याच्या हातात इस्तू नगं, सर. उद्या कुणाचं घर जाळीन मी." आठवड्याभरात ते खोली सोडून नांदेडला लेकीकडं राहायला गेले.

त्या चार घरांना धूर द्यायचं काम मी अंगावर घेतलं. वार विसरलो, तुराट्या ओल्या निघाल्या, एकदा पेटवून बसलो आणि वर ठेवायला काही नाही म्हणून घाबरून शोभाला हाक मारली. तिनं दारातूनच डबा दिला, आत काही आली नाही. ह्याच धांदलीत एक दिवस ती म्हणाली की मामा जाण्याआधी तुम्ही त्यांना केळी तरी नेऊन दिलीत, तेवढं एक बरं केलंत. मी म्हणालो, कुठली केळी? ती म्हणाली, अर्धापूरहून आणलेली. सोमवारी आपण आलो, मंगळवारी तुम्ही फणी घेऊन गेलात आणि नळापाशी त्यांच्याशी बोलत उभे होतात. मी खिडकीतून बघत होते.

मंगळवार. चूल पेटली सोमवारी.

मग नळापाशी मी काय बोललो होतो? मी तिथंच खुर्चीवर बसलो आणि हळूहळू ते बोलणं उलगडलं. मी काही बोललोच नव्हतो. मामा बोलत होते. उमाकांतरावांनी चूल काढलीय, साणं बुजवलंय, धूर कोंडतोय, ते उघडायला सांगा, असं ते मला सांगत होते. मी मनात सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे मोजत हं हं करत होतो. माझ्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की बोलणं झालं. ज्या माणसानं आयुष्यात राख थंड झाल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही, त्याला मी विसराळू ठरवलं होतं, आणि तेही मी, जगातल्या सगळ्या माणसांत मी.

पुढच्या रविवारी मी चारही किल्ल्या घेऊन नांदेडला गेलो. उमाकांतरावांना आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, असं होय, बरं, मामांना नमस्कार सांगा. लेकीचं घर नव्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर. मामा स्वयंपाकघराच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मफलर गळ्यात होता. मला बघून त्यांना बरं वाटलं. शोभाच्या कंबरेची चौकशी झाली. लेकीनं, रमानं, गॅसवर दूध ठेवलं आणि ती गच्चीवरचे कपडे आणायला गेली.

मी किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी न बघता एकेक चाचपली. ही हैदराबादवाल्यांची, हिचा दात झिजलाय. ही लावायची तर दार आधी वर उचलाय लागतं. ह्या घरी दुसरी तुळई बघा, तिला गेल्या साली भोकं दिसली व्हती, तिथं पाला जास्ती टाका. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी किल्ल्या माझ्या हातात परत ठेवल्या.

मी म्हणालो, "मामा, माझं चुकलं. मी तुम्हाला निरोप दिलाच नव्हता. नळापाशी आपण बोललो तो मंगळवार होता. मी केळी घेऊन आलो होतो, तेव्हा."

"केळी व्हती," मामा म्हणाले. "मला आठवतंय. फणी तुमच्या डाव्या हातात व्हती. तुमी म्हणलाव, मामा, उमाकांतरावांकडं आता पेटवू नगा."

"नाही मामा. मी असं म्हणालोच नाही."

"म्हणलाव, सर." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज मऊ होता. "तुमी भला माणूस, म्हणून आता माझ्यासाठी आपल्यावर घिऊन राहिलाव. म्या लई आठवून बघितलं इथं बसून. पैल्यांदा आठवत नव्हतं. आता समदं आठवतंय."

मी तारखा सांगितल्या, वार सांगितले, बोटं मोजून दाखवली. गणिताचा मास्तर मी, सोमवार मंगळवाराच्या आधी येतो हे मला एका माणसाला पटवून देता आलं नाही. ते मान डोलवत ऐकत होते, लहान मुलाची समजूत काढावी तसे. शेवटी माझाच गोंधळ व्हायला लागला, की खरंच मी कधीतरी तसं म्हणालो होतो का.

गॅसवरचं दूध वर यायला लागलं. गच्चीच्या जिन्यावरून रमाचा आवाज आला, "बाबा, दूध बघा, बटन बंद करा." मामा ओट्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी दुधाकडे बघितलं, मांडीवरचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी करा, सर. माझा भरवसा न्हाई."

मी उठलो आणि गॅस बंद केला.